नाळेचे दिवे मंद, हॉर्न दाबला की प्लॉटर बंद: बोटीतला विजेचा दोष कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २२ फुटी फायबरची बोट, मागे १५० हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड, मुक्काम मांडव्याला. पावसाळाभर बोट किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होती. सप्टेंबरात पाण्यात उतरवली तर नाळेवरचे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचे, लाल-हिरवे दिवे मंद जळतायत. मागच्या दांडीवरचा पांढरा दिवा स्विच ‘अँकर’वर (नांगरलेल्या बोटीसाठी) ठेवला की लागतो, ‘नॅव्ह’वर (चालत्या बोटीसाठी) ठेवला की लागत नाही. हॉर्न दाबला की जीपीएस प्लॉटर, म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणारा स्क्रीन, बंद पडून परत सुरू होतो. तळात (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप मनाला येईल तेव्हा चालतो. बल्ब बदलून झाले. फ्यूज उडत होता म्हणून ५ अँपिअरच्या जागी १५ चा टाकला. आणि आता मेकॅनिक सांगतोय, सगळं वायरिंग उपटून नवं करा.

वायरिंग उपटू नका. आधी तो १५ चा फ्यूज काढा, आज संध्याकाळी नव्हे, आत्ताच.

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. अशा बोटींत नाळेकडे गेलेली वायर बहुधा पाऊण किंवा एक स्क्वेअर एमएमची असते. १० वॅटचे दोन बल्ब मिळून १.७ अँपिअर घेतात, म्हणजे ५ चा फ्यूज तिथे भरपूर आहे. तरीही तो उडत होता, याचा अर्थ वाटेत कुठेतरी वायर शॉर्ट होतेय. १५ च्या फ्यूजमुळे ती शॉर्ट गेली नाही. त्या वायरला आता फ्यूज उडेपर्यंत तिप्पट करंट घेऊन नऊपट तापायची मुभा मिळाली, तीही फायबरच्या पोकळीत, पेट्रोलच्या टाकीजवळून जाताना. ती शॉर्ट कशी शोधायची ते पुढे सांगतो. तोवर त्या जागी ५ चाच फ्यूज असू द्या. उडाला तर उडू द्या, आणि रात्री बोट काढू नका.

आता तुमच्या तक्रारींकडे येऊ. मंद दिवे आणि हॉर्नबरोबर बंद पडणारा प्लॉटर या दोन तक्रारी असल्या तरी माझ्या अंदाजाने दोष एकच आहे. मागचा दिवा हा दुसरा, बिल्ज पंप तिसरा, आणि शॉर्ट हा चौथा, जो मोठ्या फ्यूजखाली झाकला गेलाय. चारही एकदम उकलायला गेलात तर गोंधळ होईल, एकेक घ्या.

काम सुरू करायच्या आधी पेट्रोलचं बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, तळात साचते. बोटीतली सगळी झाकणं उघडा, वारा खेळू द्या, वास घ्या. इंजिन आत बसवलेली पेट्रोल बोट असेल तर बिल्ज ब्लोअर निदान चार मिनिटं चालवल्याशिवाय कशालाही हात लावू नये. तुमचं इंजिन बाहेर आहे, पण टाकी डेकखालीच असणार. टेस्ट लॅम्पची ठिणगीसुद्धा ठिणगीच असते. थोडा जरी वास आला तर आधी गळती शोधा, विजेचं काम नंतर.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मीटर, गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट दोन वायरी लावून (हाच टेस्ट लॅम्प), आणि सात-आठ मीटर लांब एक सुटी वायर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली. ही लांब वायर बहुतेकांकडे नसते, आणि तिच्यावाचून निम्मं काम अडतं.

मीटरबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण तुमच्या मेकॅनिकचा घोटाळा इथेच झालेला दिसतो. त्याने दिव्याच्या होल्डरपाशी मीटर लावला, १२.४ दिसले, आणि सप्लाय ठीक आहे म्हणून बल्ब बदलला. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. सात पदर गंजून एकच पदर शाबूत राहिलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण १२.४ दाखवते. बल्ब काढलेल्या होल्डरमधलं रीडिंग म्हणून काहीच सिद्ध करत नाही. बल्ब जागेवर, स्विच चालू, दिवा जळत असताना मोजलेला व्होल्टेज हाच खरा. मी तर संशय आला की मीटर बाजूला ठेवून आधी २१ वॅटचा बल्बच लावतो. तो पावणेदोन अँपिअर मागतो, आणि सडक्या जोडाला ते देता येत नाहीत.

पहिली पायरी बॅटरी. चार्जर आणि इंजिन बंद करून तासभर थांबा, मग थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर मोजा, क्लॅम्पवर नव्हे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग सगळे दिवे, प्लॉटर लावा, कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगा आणि खुंटांवर पुन्हा पाहा. धडधाकट बॅटरी एवढ्याशा लोडला एक-दोन दशांशापेक्षा जास्त वाकत नाही. तिथेच १०-११ पर्यंत घसरली तर बॅटरी गेलीय, पुढचं वाचायचं कारण नाही. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तरीही तेच.

माझा अंदाज मात्र असा की खुंटांवर १२.३-१२.४ टिकून राहील आणि प्लॉटर तरीही बंद पडेल. म्हणजे व्होल्टेज वाटेत हरवतंय. कुठे, ते शोधायला लांब वायर घ्या. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला चिमटवा, दुसरं टोक कन्सोलमध्ये, म्हणजे सुकाणूच्या खोक्यात, आणून मीटरच्या काळ्या टोकाला जोडा. मीटरचं लाल टोक कन्सोलमागच्या निगेटिव्ह बसबारवर, म्हणजे सगळ्या काळ्या वायरी गोळा होतात त्या पट्टीवर, ठेवा. दिवे आणि प्लॉटर चालू असू द्या. दोन्ही जागा निगेटिव्हच, तेव्हा मीटरने शून्य दाखवायला हवं. जे काही दाखवेल तेवढं व्होल्टेज बॅटरी आणि बसबारमधल्या वाटेवर खर्च होतंय. मग लांब वायर पॉझिटिव्ह खुंटाला लावून पॅनेलच्या पॉझिटिव्ह पट्टीपाशी तेच करा. एकदा हॉर्न न दाबता, एकदा दाबून.

आकड्यांत मांडतो म्हणजे का एवढा आग्रह धरतोय ते कळेल. समजा बॅटरी आणि पॅनेलच्या वाटेवर एका सडक्या जोडाने फक्त ०.३५ ओहमचा अडथळा केलाय. एवढा लहान ओहम साध्या मीटरच्या कंटिन्युटीला (वायर अखंड आहे का ते बघणाऱ्या चाचणीला) कळतसुद्धा नाही, तो आनंदाने ‘पीं’ करतो. दिवे १.७ आणि प्लॉटर सुमारे १ मिळून २.७ अँपिअर वाहताना तिथे ०.९५ व्होल्ट गळतात. त्यात पॅनेलपासून नाळेपर्यंतची पाऊण एमएमची वायर, जाऊन-येऊन आठेक मीटर, आणखी ०.३५ व्होल्ट खाते. दिव्यापाशी १२.४ ऐवजी उरले ११.१. ऐकायला फार वाटत नाही. पण फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की सुमारे तीस टक्के उजेड जातो. तुमचे दिवे मंद आहेत ते असे. आता हॉर्न दाबला. त्याचे ५ अँपिअर धरले तर एकूण ७.७. त्याच जोडावर आता २.७ व्होल्ट गळतात, पॅनेलवर उरतात ९.७, आणि बरेच प्लॉटर १० च्या खाली माना टाकतात. जोड एकच, आणि तक्रारी मात्र दोन टोकांच्या. शिवाय हॉर्न वाजत असताना त्या एका जोडावर २० वॅट उष्णता निघते. म्हणून जोड शोधताना मीटर ठेवून हातानेही चाचपा. गरम लागला तर सापडला.

किती गळती चालते, याचं मापही आहे. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात नॅव्हिगेशन दिवे, बिल्ज ब्लोअर आणि पॅनेलची मुख्य वायर यांना ३ टक्के, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट एवढीच सूट आहे. केबिनचे दिवे वगैरे बिनमहत्त्वाच्या गोष्टींना १० टक्के चालतात. तुमच्या पाऊण एमएमच्या वायरने एकटीनेच ती सूट संपवलीय. दीड एमएमने तीच गळती अर्ध्यावर येते आणि अडीच एमएमने एक दशांश व्होल्टवर. वायर कधी ओढायची झालीच तर अडीचची ओढा. पैसे वायरला लागत नाहीत, ओढायच्या मेहनतीला लागतात.

सडका जोड कुठे सापडेल? माझी पैज निगेटिव्ह बाजूवर. लोक लाल वायर जपतात, काळीला ‘अर्थिंग’ म्हणून सोडून देतात. फायबरच्या बोटीला गाडीसारखी चासी नसते, प्रत्येक अँपिअरला काळ्या वायरनेच बॅटरीकडे परतावं लागतं. सगळ्या उपकरणांच्या काळ्या वायरी एका पितळी पट्टीवर गोळा होतात आणि तिथून एकच जाड वायर मागे जाते. तिच्या टोकाच्या त्या एका थिंबलखाली (वायरीवर दाबून बसवलेल्या धातूच्या कडीखाली) खार चढला की सगळ्या बोटीला सर्दी होते. त्यानंतरचा संशयित बॅटरीचा खुंट, विशेषतः विंग नट लावलेला असेल तर. इंजिनच्या थरथरीने तो सैल होतो आणि हाताने घट्ट वाटतो तेवढाच घट्ट असतो. तो काढून स्टेनलेसचा षटकोनी नट आणि लॉक वॉशर लावा, पान्याने आवळा. तिसरा संशयित बॅटरी स्विच. त्याच्या दोन्ही बोल्टांवर मीटरची दोन टोकं ठेवून लोडवर मोजा, दशांश व्होल्टसुद्धा जास्त आहे. हे मोजताना किंवा नंतर कधीही, इंजिन चालू असताना तो स्विच ‘ऑफ’ करू नका. बॅटरी अचानक सुटली की इंजिनचा रेक्टिफायर-रेग्युलेटर (बॅटरीचा चार्ज सांभाळणारा भाग) जळू शकतो, आणि तो या सगळ्या दुरुस्तीपेक्षा महाग पडतो.

पावसाळ्यातच हे का झालं, हेही सांगून टाकतो. आपल्याकडे होड्या शाकारून ठेवायची जुनी रीत आहे, पण झापांच्या शाकारणीतून हवा खेळते. प्लॅस्टिकची ताडपत्री गच्च बांधली की आत दमट हवा कोंडते, रात्री तिचं पाणी होतं आणि मीठ आधीपासून प्रत्येक पट्टीवर बसलेलंच असतं. तीन महिने असे गेले की पितळ हिरवं आणि तांबं काळं. पुढच्या मे महिन्यात ताडपत्री टाकाल तेव्हा दोन्ही टोकं उघडी ठेवा, बॅटरी घरी आणा, आणि कन्सोलची आतली बाजू गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून वाळवा.

जोड सापडला की तो पुसून परत आवळणं ही अर्धी दुरुस्ती. पट्टीवरचा हिरवा थर व्हिनेगरने निघतो, नंतर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. बॅटरीच्या खुंटावरचा पांढरा थर ॲसिडचा असतो, त्याला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. पण थिंबलमधली वायर सोलून पाहिल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. खारं पाणी पदरांमधून वर चढत जातं. इन्सुलेशन वरून नवंकोरं आणि आत तांबं शाईसारखं काळं, हे नेहमीचं चित्र. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. वीतभर कापूनही काळंच निघालं तर तेवढी वायर बदला.

नवी वायर टिन चढवलेल्या तांब्याची घ्या. मुंबईच्या लोहार चाळीत मिळणारी घरगुती वायर स्वस्त असते आणि दिसायला सारखीच, पण तिचं उघडं तांबं खाऱ्या हवेत लवकर काळवंडतं. एकाच जाड पदराची वायर तर बोटीत नकोच, थरथरीने मोडते. थिंबल रॅचेटच्या क्रिंपिंग टूलने दाबा, पक्कडीने चेचू नका, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवून गरम करा. कडेने गोंद बाहेर आला की पाणी आत जायची वाट बंद. नुसत्या सोल्डरवर भरवसा ठेवू नये. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि थरथरीने तुटते. काळी इन्सुलेशन टेप तर पाणी आत धरून ठेवण्याचंच काम करते. जुन्या बोटीत टेपेचा गोळा दिसला की मी काही न मोजता आधी तोच सोडतो.

मागच्या दिव्याचं कोडं सोपं आहे, आणि त्याची अर्धी उकल तुम्हीच प्रश्नात लिहिलीय. ‘अँकर’वर तो लागतो, म्हणजे बल्ब, दांडीचं सॉकेट, मागे जाणारी वायर आणि तिचा निगेटिव्ह, सगळं शाबूत आहे. तीन पोझिशनचा हा स्विच आत दोन स्विचचं काम करतो. ‘अँकर’वर फक्त पांढऱ्याला सप्लाय, ‘नॅव्ह’वर पांढऱ्याला आणि नाळेच्या दिव्यांना दोघांनाही. मागच्या बाजूला पांढऱ्यासाठी एक छोटी जोडवायर असते, किंवा आतली एक पत्ती असते. त्यातलं काहीतरी गेलंय. स्विच ‘नॅव्ह’वर ठेवून टेस्ट लॅम्प पांढऱ्याच्या टर्मिनलवर लावा. तिथे उजेड नसेल आणि स्विचच्या इनपुटवर असेल तर जोडवायर तपासा, ती ठीक असेल तर स्विच बदला. दुरुस्त करत बसण्याएवढा तो महाग नाही. दांडी हलवली की दिवा लुकलुकतो असं मात्र होत असेल, तर सॉकेटच्या पिनाही बघा. उघड्यावरचं ते भोक म्हणजे खारं पाणी साठवायची वाटीच आहे. पिना घासून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, आणि दांडी काढून ठेवाल तेव्हा झाकण लावायची सवय करा.

तोवर ‘अँकर’वर ठेवून घरी येतो, असं करू नका. मुंबई बंदरात हे मी फार पाहतो. एकटा पांढरा दिवा चहूबाजूंनी दिसला की समोरचा समजतो, बोट नांगरून उभी आहे किंवा आपण तिच्या मागून येतोय. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत १२ मीटरपेक्षा लहान इंजिनबोटीला एक चौफेर पांढरा दिवा आणि डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा अशी सूट आहे. पांढरा दोन मैलांवरून आणि लाल-हिरवे एका मैलावरून दिसायला हवेत, समुद्री मैल. लाल-हिरव्यांचा प्रत्येकी कोन ११२.५ अंशांचा. पांढरा दिवा त्यांच्यापेक्षा किमान एक मीटर उंच हवा. तुमच्या बोटीवर छत बसवलेलं असेल तर एकदा धक्क्यावरून चहूबाजूंनी फिरून बघा. अनेकदा दांडी छतापेक्षा बुटकी असते आणि समोरून पांढरा दिवा दिसतच नाही. जेएनपीए बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजाच्या ब्रिजवरून खाली पाहणाऱ्याला तुमच्या मागे सगळी मुंबई लखलखत असते. त्या उजेडात तीस टक्के मंद झालेला लाल दिवा शोधणं त्याच्याकडून अपेक्षित धरू नका.

शॉर्ट शोधायला फ्यूजमागून फ्यूज जाळायची गरज नाही. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन पत्त्यांच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब जोडा. नाळेचे दोन्ही बल्ब काढून टाका, मागचा दिवाही सोडवा. आता स्विच ‘नॅव्ह’वर करा. शॉर्ट असेल तर तुमचा बल्ब लख्ख पेटेल, पण करंट त्याच्यातून पावणेदोन अँपिअरच जाईल, त्यामुळे वायर तापणार नाही आणि तुम्ही निवांत शोधू शकाल. एकेक जागी वायर हलवत, ओढत जा. जिथे हात लावल्यावर बल्ब विझेल तिथेच शॉर्ट. मी आधी नाळेपाशी बघेन, जिथे वायर स्टेनलेसच्या रेलिंगच्या नळीतून किंवा फायबरला पाडलेल्या उघड्या भोकातून जाते. भोकाला रबरी ग्रॉमेट नसेल तर लाटांच्या आपटण्याने इन्सुलेशन घासून जातं. दुसरी जागा दिव्याचं घर. आत पाणी शिरून दोन पत्त्यांमध्ये हिरव्या गंजाचा पूल तयार होतो. मग शॉर्ट ओलीत असते आणि उन्हात वाळली की नाहीशी होते. तुमचा फ्यूज कधीमधीच उडत असेल तर दिव्याच्या काचेवर पाणी मारून ही चाचणी करा.

बिल्ज पंपाला या सगळ्यापेक्षा वरचा मान द्यायला हवा होता, पण तुम्ही शेवटी विचारलंत म्हणून शेवटी आला. पंपाची ऑटोमॅटिक लाइन स्वतःच्या फ्यूजसकट थेट बॅटरीवरून हवी, मुख्य स्विच बंद असला तरी चालणारी. बोट मुरिंगवर (पाण्यात बांधून ठेवलेली) एकटी असते तेव्हा तिला वाचवणारं दुसरं काहीच नसतं. आधी फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच, हाताने उचलून बघा. प्रत्येक वेळी पंप सुरू झाला तर वीज ठीक आहे, फ्लोटखाली चिंधी, शेंदरी चिखल, गरीची तंगूस असं काही अडकतंय. उचलूनही कधी चालतो, कधी नाही, तर वायर जोडलेली जागा बघा. ती बिल्जच्या तळात पडलेली असेल याची मला जवळजवळ खात्री आहे. पाण्यात बुडालेल्या जोडाची पॉझिटिव्ह बाजू विजेने झिजते, तांब्याची हिरवी पूड होते. हा नुसता गंज नव्हे, इलेक्ट्रोलिसिस आहे, आणि साध्या गंजापेक्षा कितीतरी वेगाने चालतो. जोड कापा, पंपाच्या वायरी वर आणा, जिथे पाणी कधीच पोचणार नाही तिथे क्रिंप करून गोंदाची स्लीव्ह चढवा. पंप चालतो पण पाणी जेमतेम फेकतो असं असेल तर लाल-काळी उलट जोडलीय का बघा. या पंपाची मोटर उलटी फिरली तरी आवाज तोच येतो, पाणी मात्र धड चढत नाही. पंपावर छापलेल्या अँपिअरचाच फ्यूज टाका. पात्यात दोरा अडकून मोटर जाम झाली की तोच तिला आगीपासून वाचवतो.

पाण्यातल्या जोडाची दुसरी बाजूही बघून घ्या. सगळं बंद करून बॅटरीची पॉझिटिव्ह सोडवा आणि मध्ये मीटर अँपिअरवर लावून किती करंट वाहतोय ते पाहा. स्टिरिओची मेमरी काही मिलिअँपिअर घेते, ते चालतं. त्याहून जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, कुठला काढल्यावर आकडा पडतो ते कळेल. हा गळका करंट बिल्जच्या पाण्यात उतरत असेल तर पाण्याला लागलेला धातू खातो. इंजिनचे ॲनोड (इंजिनऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) दरवर्षीपेक्षा लवकर संपत असतील तर तेही एक लक्षण धरा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

तुम्ही एलईडीबद्दलही विचारलंय. बदलायला माझी हरकत नाही, करंट एक दशांशावर येतो. पण क्रम चुकवू नका. आधी जोड दुरुस्त करा, मग एलईडी. बऱ्याच एलईडींमध्ये आत ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, असतो, तो १० व्होल्टलाही तेवढाच उजेड देतो. सडका जोड त्यामागे लपून राहतो आणि उद्या हॉर्न, पंप यांच्या वेळी डोकं वर काढतो. जुन्या घरात नुसता एलईडी बल्ब घालायचा तर लाल काचेमागे लाल आणि हिरव्यामागे हिरवा घ्या. पांढरा एलईडी हिरव्या काचेतून निळसर दिसू शकतो. खरं तर दिव्याचं घर आणि बल्ब यांची जोडी मिळून मंजूर झालेली असते, त्यामुळे संपूर्ण एलईडी दिवाच घेणं चांगलं. रस्त्यावर मिळणाऱ्या पट्ट्या कन्सोलखाली शोभेला लावा, नियमाच्या दिव्यांत नको.

आणि एलईडी लावल्यावर व्हीएचएफ, म्हणजे बोटीतला बोलायचा रेडिओ, जरूर तपासा. स्वस्त ड्रायव्हर रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर घरघर सोडतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल खास सुरक्षा सूचना काढली होती. तपासणी सोपी आहे. रिकामं चॅनेल लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) आवाज जेमतेम बंद होईल इथपर्यंत आणा, मग दिवा लावा. खरखर सुरू झाली तर तो दिवा परत करा. उलट खरखर आली नाही तरी एकदा स्क्वेल्च आणखी सैल करून बघा, कारण काही वेळा स्क्वेल्चच ती झाकतो. चॅनेल १६, म्हणजे मदतीच्या हाकेचं चॅनेल, ऐकू न येणं हे मंद दिव्यापेक्षा वाईट.

इंजिनचा चार्जही याच फेरीत बघून घ्या. २००० आरपीएमला बॅटरीच्या खुंटांवर १३.८ ते १४.४ यायला हवेत. १२.४ च राहिले तर बॅटरी चार्जच होत नाहीये, आणि ते वेगळं प्रकरण आहे.

दुरुस्ती होईपर्यंत संध्याकाळी निघावंच लागलं तर सेलवर चालणारे क्लिपचे लाल-हिरवे-पांढरे दिवे जवळ ठेवा. वाटेत सगळंच गेलं तर वेग कमी करा, जहाजांच्या वाटेतून बाहेर या, आणि हातातल्या व्हीएचएफवर चॅनेल १६ ला सांगा. फोनवरून तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

तुमच्याकडून आता चार आकडे हवेत. हॉर्न दाबलेला असताना बॅटरीच्या खुंटांवर किती, बॅटरी निगेटिव्ह ते बसबार किती, बॅटरी पॉझिटिव्ह ते पॅनेल किती, आणि जळत्या लाल दिव्याच्या दोन पत्त्यांवर किती. सोबत बसबारचा आणि बिल्जमधल्या जोडाचा फोटो. बसबारचा आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता ते थिंबल काढा.